डाकारची निकाली कुस्ती

सर्ज्या, मध्ये बोलू नकोस.

हे वाक्य मी तुला तीसेक वर्षं सांगत आलो आणि तू एकदाही ऐकलं नाहीस. दुधाच्या कट्ट्यावर, लग्नाच्या मांडवात, एसटीत, तुझ्या गोठ्यात, कुठंही मी डाकारची गोष्ट सांगायला लागलो, की ठरल्या जागी तुझा हात वर. "थांब रं रेडिओ!" म्हणून तू घुसायचास आणि माझ्या रंगात आलेल्या गोष्टीचा पार चिखल करायचास. आता मात्र शहाण्यासारखा गप्प झालास. आता मला अडवणारं कुणी नाही. हवी तशी सांगावी, हवा तितका मसाला घालावा. आणि तुला म्हणून सांगतो, या मोकळेपणाचा मला इतका वीट आलाय, की परवा आंघोळ करताना मीच मोठ्यानं "थांब रं रेडिओ" म्हणालो. बायकोनं बाहेरून विचारलं, "कुणाशी बोलताय?"

तर पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगतो. तू तिथं होतास हे मला माहीत आहे. म्हणून तर तुलाच सांगतोय.

आपण विशीतली पोरं. बोटीवरचे शिकाऊ. गावाकडं तुझ्या आबांनी 'पोरगं कॅप्टन झालं' म्हणून पेढे वाटले होते, आणि इकडं पोरगं डेकवर फतकल मारून हातोडीनं गंज झाडत होतं. मी राजारामपुरीतल्या शिंप्याचा मुलगा, तोंडाचा पट्टा सोडला तर अंगात काही जोर नसलेला. तू कागलजवळच्या खेड्यातला, तालमीत वाढलेला, मान कुठं संपते आणि खांदा कुठं सुरू होतो हे शोधावं लागेल असा. मुंबईला ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी तू जेवणाच्या हॉलमध्ये उभं राहून ओरडलास, "कोल्हापूरचं कोण हाय का हितं?" मी भीत भीत हात वर केला. तो हात पुढं तू कधी खाली येऊ दिला नाहीस. आठवडाभरात माझं 'रेडिओ' असं बारसंही उरकलंस.

बोटही नशिबानं एकच मिळाली. काकिनाड्याला तांदूळ भरला आणि निघालो थेट आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला. समुद्र बघून तू दोन गोष्टी केल्यास, नमस्कार आणि उलटी. दुसरी गोष्ट वाटभर थांबली नाही. पहाटे उठून बैठका मारणारा पहिलवान, पण डाळीच्या फोडणीचा वास आला की हिरवा पडायचा. बादलीला मिठी मारून विचारायचास, "रेडिओ, जमीन कवा लागंल रं?" मी म्हणायचो, "उद्या." तुला माहीत असायचं मी थापा मारतोय. तरी रोज विचारायचास, आणि माझ्या 'उद्या'वर निवांत झोपायचास.

आणि एके सकाळी खरंच लागली. डाकार. आपल्या दोघांच्या आयुष्यातलं पहिलं परदेशी बंदर. चीफ ऑफिसरनी दिवसभराची सुट्टी दिली. "दिवस मावळायच्या आत बोटीवर. आणि भांडण नको." यातलं दुसरं वाक्य ते तुझ्याकडं बघून म्हणाले होते. माणसं ओळखायचे साहेब.

मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केसांना पाणी लावून शिडीपाशी उभा. तू आलास. तसाच पांढरा शर्ट, काळी पँट, आणि डोक्याला गुलाबी फेटा! साधासुधा नव्हे. आबांनी जत्रेत कुस्ती मारली तेव्हा गावानं बांधलेला, मागं कमरेपर्यंत शेमला सोडलेला.

"हे काय?"

"फेटा."

"ते दिसतंय. कशाला?"

"आबांनी सांगितलंया. परक्या गावात पयल्यांदा पाय ठिवताना मोकळ्या डोक्यानं जायचं न्हाय. त्या गावचा अपमान हुतोय."

"अरे, हे गाव न्हवं, आफ्रिका हाय!"

"आफ्रिकेत गावं न्हाईत व्हय?"

तू शिडी उतरलास. धक्क्यावर वाकलास, तिथली धूळ बोटानं उचलून कपाळाला लावलीस, तालमीत उतरताना लावतात तशी. ताठ उभा राहिलास आणि दारू प्यायल्यासारखा डुललास. इतके दिवस पाण्यावर काढल्यावर जमीनही हलल्यासारखी वाटते, हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं. तू माझा दंड घट्ट धरून डोळे मोठे केलेस. "रेडिओ, ही बी हलतीया की रं!" फाटकावरचा पहारेकरी पोट धरून हसला. त्याचा चेहरा लक्षात ठेव. संध्याकाळी तो पुन्हा येणार आहे.

गावात शिरलो. मला वाटलं होतं लोक फेट्याला हसतील. पण त्या गावाला कपड्यांचा भारी शौक. कडक खळीचे, निळे-पिवळे पायघोळ झगे घालून माणसं अशी चालत होती, जणू प्रत्येकाच्या घरी आज लग्न आहे. एका आजोबांनी थांबून तुला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि मान डोलावली. पसंत! माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडं कुणी ढुंकून बघेना. सुरुवातीला मी तुझ्या बराच मागून चालत होतो, हा माझा कुणी नाही असं दाखवत. पुढच्या चौकापासून घाईघाईनं बरोबर आलो, हा माझाच आहे असं दाखवत.

तुझा मात्र जमीन मिळाली तरी चेहरा उतरलेलाच. बाजारात आंबे बघितलेस, शेंगांचे ढीग बघितलेस, मेंढरं बघितलीस. एका मेंढराच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिलास. मी विचारलं, "काय झालं?" म्हणालास, "काय न्हाय. आपल्याकडं आता जत्रा आसंल."

आणि तेवढ्यात ती ऐकू आली.

कुठूनशी, गल्ल्यांच्या पलीकडून. कडाड् कडाड् कडाड्. तू गर्रकन वळलास. "हलगी!"

"अरे, इथं कुठली हलगी? ढोल असंल कसला तरी."

"हलगीच हाय. आणि कुस्तीची हाय. मैदान हाय कुठंतरी!"

आणि तू पळत सुटलास. गुलाबी शेमला मागं फडफडतोय, त्याच्या मागं मी, माझ्या मागं दोन-चार पोरंटोरं. ढोलाच्या मागानं आपण थेट समुद्रावर निघालो. तिथं रंगवलेल्या लाकडी होड्या वाळूत ओढून ठेवलेल्या, आणि त्यांच्या मधोमध... सर्ज्या, तू बरोबर होतास. मैदान होतं. कमरेला फडकी गुंडाळलेले, काळेभोर, तेल लावलेल्या सागवानासारखे पहिलवान वाळूत झटत होते. उलट्या होडीवर त्यांचा म्हातारा वस्ताद बसला होता. ढोलकरी घामानं निथळत होते. कागलपासून हजारो मैलांवर, जिथली भाषा कळत नव्हती की देव माहीत नव्हता, तिथं तुला तालीम सापडली होती. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. तू वाळूचं होतं म्हणालास. मी तेव्हा मानलं, अजूनही मानतो.

पण मग तू ते केलंस. आनंद झाला की आपण टाळी वाजवतो. पहिलवान मांडी वाजवतो. तू तिथंच काठावर उभा राहून शड्डू ठोकलास. असा, की ढोल थांबले.

आता शड्डूचा अर्थ सगळ्या जगात एकच. गर्दी फाकली आणि त्यातून मोदू आला. त्याचं नाव मोदू हे मागाहून कळलं. त्या क्षणी तो मला नुसती एक भिंत वाटला. तुझ्यापेक्षा हातभर उंच. हसत होता, हे आणखी वाईट.

"सर्ज्या, चल. साहेबांनी सांगितलंय, भांडण नको."

"हे भांडण हाय? कुस्ती हाय ही. धर." आणि तू फेटा काढून माझ्या दोन्ही हातांवर ठेवलास, देवाचा मुकुट ठेवावा तसा. "खाली ठिवू नगंस. काय बी झालं तरी."

वस्तादानं तुझ्या डोक्यावर बाटलीतलं कसलं तरी मंतरलेलं पाणी ओतलं. तू वाकून त्याच्या पाया पडलास. म्हातारा गडबडला, मग खूश झाला. ढोल वाजले. कुस्ती लागली.

इथून पुढं नीट ऐक, कारण इथूनच आपलं भांडण.

मोदूनं तुझी मान धरली आणि हिसडा दिला. तू खाली गेलास. दोन्ही हात आणि दोन्ही गुडघे वाळूत. एकदम गलका उठला. ढोल फुटायचे तेवढे राहिले. मोदूनं तुला सोडलं, दोन्ही हात आभाळाकडं केले आणि नाचत नाचत गोल फिरायला लागला. मला वाटलं, असेल इथली पद्धत, मध्ये थोडा नाच करत असतील. तुला काय वाटलं ते तूच सांगितलंस हजारदा. "गड्यानं पकड सोडली, पाय माझ्या तोंडाम्होरं नाचतोय, आता सोडंन व्हय?" तू तसाच खालून झेपावलास, दोन्ही पाय कवटाळून त्याचा पट काढलास, आणि ती अख्खी भिंत पाठीवर आडवी केलीस. दोन्ही खांदे वाळूत. चितपट! छातीवर बसलास आणि तूही दोन्ही हात आभाळाकडं केलेस.

कुणीही ओरडलं नाही.

आपल्या मैदानात अशा कुस्तीला फेटे उडाले असते. इथं नुसता समुद्राचा आवाज. मग गर्दीतून दोन-तीन दांडगे पुढं सरकले. मी हातात फेटा धरून उभा. बोट किती लांब आहे आणि आपण आलो ती गल्ली कुठली, याचा विचार करत होतो. पळालो असतो तर फेटा सुटला असता. नसतो पळालो तर डोकं फुटलं असतं, फेटा बांधायला जागाच राहिली नसती.

तू सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलंस. काहीतरी चुकलं हे तुला कळलं. काय चुकलं ते कळलं नाही. मग तू तुला येत होतं ते केलंस. उठलास, मोदूला हात देऊन उठवलास, त्याच्या पाठीवरची वाळू स्वतःच्या हातानं झाडलीस. माझ्याकडून फेटा घेतलास. आणि सगळ्या गावासमोर, समुद्राच्या वाऱ्यात, पायाच्या चवड्यांवर उभा राहून त्या उंच माणसाच्या डोक्याला बांधायला लागलास. एक एक पीळ, एक एक वेढा. दांडगे थांबले. बायका जवळ आल्या. तुरा खोवलास, शेमला सोडलास, दोन पावलं मागं सरून बघितलंस, आणि डावीकडं जरा कलला होता तो नीट केलास.

मोदूनं डोक्याला हात लावून बघितलं. वस्ताद होडीवरून उतरला, फेट्याभोवती एक फेरी मारली आणि ढोलकऱ्यांना खूण केली. मग जो कडकडाट उठला! मोदूनं तुला खांद्यावर घेतलं. सर्ज्या, तेवढं मी बघितलंय. हरला कोण, जिंकला कोण, ते राहू दे. पण कुस्तीनंतर एक पहिलवान दुसऱ्याला खांद्यावर घेऊन समुद्रात गुडघाभर पाण्यापर्यंत नाचत जातो, हे मी या डोळ्यांनी बघितलंय.

त्यांच्या अंगणात जेवलो. एकच मोठी परात, भोवती सगळे. तांबडालाल भात, वर मासे, भाज्या. तू पहिला घास हातात घेतलास आणि माझ्या कानाशी आलास. "रेडिओ, कण्या हायत! पावण्याला कण्या वाढत्यात व्हय?" तुला काय माहीत, त्या मुलखात तुकडा तांदूळच आवडीनं खातात, आपल्या बोटीच्या पोटातही तोच भरलाय. मोदूची आई माशाचे चांगले चांगले तुकडे मोडून परातीत तुझ्या पुढ्यात सरकवत होती. तू नको नको म्हणत होतास, ती सरकवत होती. भाषेची काही अडचण आली नाही. थोड्या वेळानं तू म्हणालास, "आई अशीच करती." आणि परात खरवडलीस.

वरून धार धरून फेसाळलेला चहा झाला. निघताना मोदूनं स्वतःच्या दंडावरचा चामड्याचा ताईत सोडून तुझ्या दंडाला बांधला.

परत आलो तर फाटकावर तोच पहारेकरी. त्याला मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं. मी तोवर रंगात आलो होतो, त्याला सगळी कुस्ती हातवारे करून सांगितली. तो पुन्हा पोट धरून हसला. म्हणाला, दोन हात आणि दोन गुडघे वाळूला लागले की आमच्याकडं कुस्ती संपते. तुझा मित्र हरला होता. हरल्यानंतर त्यानं जिंकलेल्या माणसाला पाडलं!

मी ते तुला मराठीत सांगितलं. तू जागच्या जागी थांबलास. मागं वळून गावाकडं बघितलंस.

"टेकलं म्हंजे पडलं न्हवं," म्हणालास.

"त्यांच्याकडं पडलंच."

"कुस्ती म्हंजे पाठ. पाठ टेकली त्याची. जगात कुठं बी जा."

"सर्ज्या, ज्या मातीत उतरलास त्या मातीचा नियम."

"माती त्यांची आसंल. पाठ तर माणसाचीच की!"

बोटीची शिडी चढताना सुरू झालेला हा वाद. त्यानंतर मी किती पुरावे दिले! तू फेटा त्याला बांधलास, म्हणजे तो जिंकला हे तूच मान्य केलंस. तू म्हणायचास, फेटा मानाचा असतो, निकालाचा न्हाय. त्यानं तुला खांद्यावर घेतलं, म्हणजे तू जिंकलास, हा तुझा पुरावा. मी म्हणायचो, जिंकलेला माणूसच दिलदार असतो. आपण दोघंही दरवेळी नवा मुद्दा काढायचो आणि कट्ट्यावरची माणसं ग्लास हातात धरून ऐकत राहायची. त्यांना डाकारशी काही देणंघेणं नव्हतं. आपण भांडतोय याचीच त्यांना मजा.

त्या सफरीनंतर तू बोट सोडलीस. "समुद्र हलतोय. म्हस हलत न्हाय," एवढंच कारण दिलंस. म्हशी घेतल्यास, रोज त्यांना घेऊन कोल्हापुरातल्या दुधाच्या कट्ट्यावर उभा राहायला लागलास, गिऱ्हाइकाच्या ग्लासात थेट धार काढून द्यायला लागलास. ग्लासावर फेस आला की म्हणायचास, "त्या डाकारवाल्यांचा चहा आठवतो का रं? वरनं वतून असाच फेस आणत्यात." ताईत तू घरी नेलास, पण लग्न होऊन आलेल्या वहिनींनी तो घरात ठेवायला साफ नकार दिला. "कुणाचं काय आन् कशाचं काय. देव्हाऱ्यात न्हाय चालायचं." शेवटी तो गेला म्हशीच्या गळ्यात. त्या म्हशीला कधी दृष्ट लागली नाही. ती म्हातारी झाली तेव्हा तिच्या रेडीच्या गळ्यात गेला. सेनेगलच्या कुण्या पीराची मेहेरनजर कागल तालुक्यातल्या म्हशींवर पिढ्यानपिढ्या आहे, हे मोदूला कळलं असतं तर काय म्हणाला असता?

मी मात्र बोटीवरच राहिलो. युरोप, ब्राझील, कोरिया, नावं कशाला सांगू, तू ती ऐकायचा कंटाळा करायचास. पण एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. मी त्या सगळ्या बंदरांत गेलो, पण उतरलो असा एकदाच, तुझ्या मागून. पुढं नुसती शिडी उतरायचो. टेलिफोन कार्ड घ्यायचो, साबण घ्यायचो, घरच्यांसाठी चॉकलेटं घ्यायचो आणि परत यायचो. गल्लीच्या पलीकडून काही वाजलं तर थांबायचो. कान द्यायचो. पण पळत सुटणारा कुणी नव्हता, आणि मी काही पहिल्यांदा पळणाऱ्यांतला माणूस नव्हे. मी मागून पळणारा. पुढं कुणी नसलं की मी नुसता उभा राहतो.

दर दिवाळीला आपलं ठरायचं, की आता डाकारला जायचंच. मोदूला गाठायचं, म्हातारा झाला असंल, काठी घेऊन येऊ दे, पण निकाल लावायचा. "औंदा नक्की," म्हणायचास. मग कुठली तरी म्हैस व्यायला झालेली असायची. मी चिडायचो. "एक वर्ष तुझ्या म्हशी थांबणार नाहीत?" "म्हस थांबती व्हय कुणासाठी? मोदू थांबंल." थांबला असेलही तो. थांबायचं तुलाच जमलं नाही.

राजारामपुरीत माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावरचा दवाखाना. दुपारची वेळ, वहिनी जेवायला म्हणून माझ्या घरी गेलेल्या. तुझी ती मान आता खांद्यापासून वेगळी ओळखता येत होती, इतका वाळला होतास. डॉक्टरांनी सकाळीच मला बाजूला घेऊन काय ते सांगितलं होतं. मी आत येऊन खुर्ची ओढली आणि गेल्या आठवड्याभराच्या गावगप्पा लावल्या. तू डोळे मिटून ऐकत होतास. मध्येच म्हणालास, "रेडिओ, बंद कर. एक इचारू?"

"विचार."

"आता तरी सांग. कोण जितलं?"

सर्ज्या, जिभेच्या टोकावर होतं. तू. तूच जिंकलास, पाठ टेकली त्याची, मी बघितलं, जगात कुठंही जा. एवढं म्हणायला माझं काय जात होतं? तीस वर्षं तू तेवढंच मागत होतास. पण तू डोळे उघडून माझ्याकडं बघत होतास आणि मला एकदम कळलं, तू कुस्तीचा निकाल विचारतच नाहीस. मी 'तू' म्हणालो असतो, की डॉक्टर मला काय म्हणाले ते तुला त्याच क्षणी कळलं असतं. त्याशिवाय हा रेडिओ हार मानणार थोडाच?

मी खुर्चीत मागं रेललो. "मोदू," म्हणालो. "दोन हात, दोन गुडघे. तीस वर्षं सांगतोय. अजून किती सांगू?"

तू हसलास. डोळे मिटलेस. "मग हाय आजून येळ," म्हणालास.

त्या वाक्यावर तू झोपलास. बोटीवर माझ्या 'उद्या'वर झोपायचास, तसाच. मी खुर्चीवर बसून राहिलो. मी थापा मारतोय हे तुला तेव्हाही माहीत असायचं. मग त्या दुपारीही माहीत होतं का? हे विचारायचं राहिलं. बाकी सगळं आपण बोललो, जरा जास्तच बोललो. एवढंच राहिलं.

काल तुझं उत्तरकार्य झालं. जेवणं उरकली, पावणंरावळं थोडं पांगलं, पुढच्या सोप्यात घरचीच माणसं उरली. पुण्याहून आलेली तुझी स्नेहल माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "काका, डाकारची गोष्ट सांगा."

मी म्हणालो, "आज नको गं."

"पप्पा असते तर आत्तापर्यंत दोनदा झाली असती."

मग सांगायला लागलो. फेटा सांगितला, डुलणारी जमीन सांगितली, हलगी सांगितली. माणसं हसायला लागली. तुझ्या धाकट्या भावानं डोळे पुसत हसणं म्हणजे काय ते दाखवलं. मीही रंगात आलो. उभा राहिलो. मोदूची उंची हातानं दाखवली, हिसडा दाखवला, आणि म्हणालो, "आणि सर्ज्या खाली. दोन्ही हात आणि दोन्ही गुडघे वाळूत..."

आणि थांबलो.

इथं मी नेहमीच थांबतो. इथं तुझा हात वर होतो. माझ्या जिभेला तीस वर्षांची सवय, ती तिथं आपोआप थांबली आणि वाट बघायला लागली. सगळ्यांना कळलं, मी कशासाठी थांबलोय. स्नेहलनं मान खाली घातली. मला पुढं सांगता येईना, मागं येता येईना. एवढा बोलका माणूस मी, पण भर सोप्यात रिकामे हात पुढं करून उभा.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर वहिनी उभ्या होत्या. तुला माहीत आहे, त्यांनी ही गोष्ट कधी पुरती ऐकली नाही. मी सुरुवात केली की त्या धारेची कासंडी उचलून गोठ्याकडं चालायला लागायच्या. "झालं ह्या दोघांचं सुरू." काल त्यांच्या हातात कासंडी होती, पण त्या गेल्या नव्हत्या.

"टेकलं म्हंजे पडलं न्हवं, भावजी," त्या म्हणाल्या.

मग माझं तोंड, सर्ज्या, मला न विचारता बोललं, "वहिनी, त्यांच्या गावात टेकलं की पडलंच."

"मग त्यांच्या गावात जाऊन ऱ्हावा." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "पाठ टेकली त्या मेल्याची. दोन्ही खांदं. ते सांगा की! ते सांगताना बरी जीभ अडखळती तुमची."

सगळा सोपा हसला. स्नेहल रडत रडत हसली. वहिनी उंबऱ्यावर तशाच उभ्या राहिल्या, कासंडी कमरेवर धरून, तुझ्यासारखीच हनुवटी वर करून, मी पुढं काय बोलतो त्याची वाट बघत. मागं गोठ्यात ताईतवाली म्हैस धारेची वेळ झाली म्हणून हंबरत होती. त्या गेल्या नाहीत. म्हणाल्या, "थांबंल ती. सांगा."

मी सगळं सांगितलं. पट सांगितला, चितपट सांगितली, फेटा सांगितला, परात सांगितली. आणि शेवटी स्नेहलनं विचारलं, "मग काका, जिंकलं कोण?"

मोदू, सर्ज्या. मोदूच जिंकला. बघ, अजून म्हणतोय. काल तुझ्या घरात उभा राहून, तुझ्या बायकोसमोर, मोठ्या आवाजात म्हणालो. आता बोल मध्ये.